डेन्व्हर ते लास वेगास मोटरहोमने: जाहिरातीतला दर आणि हातात पडणारं बिल

मोटरहोमच्या भाड्याचा जो आकडा संकेतस्थळावर मोठ्या अक्षरांत दिसतो, तो निव्वळ गाडी ताब्यात घेण्याचा असतो. ती चालवायची, तिच्यात झोपायचं, स्वयंपाक करायचा, ती दुसऱ्या गावात सोडायची, या प्रत्येकाचे पैसे वेगळे लागतात. डेन्व्हरहून निघून रॉकी पर्वत ओलांडायचा, युटातली लाल खडकांची राष्ट्रीय उद्यानं बघायची आणि नेवाडाच्या वाळवंटात लास वेगासला गाडी परत करायची, अशी सात रात्रींची सहल चार माणसांना साधारण पावणेपाच हजार डॉलरना पडते. त्यातलं ‘भाडं’ जेमतेम साडेबाराशे डॉलर. डॉलर ९० रुपये धरला तर एकूण सव्वाचार लाखांच्या वर. हंगाम आणि कंपनीप्रमाणे दर बदलतात, त्यामुळे खालचे आकडे अंदाजपत्रक म्हणून वापरा आणि पैसे भरण्याआधी प्रत्येक दर पुन्हा बघून घ्या.

मुलांकडे अमेरिकेला आलेले आईवडील आणि त्यांना घेऊन निघालेले मुलगा-सून किंवा लेक-जावई, असं कुटुंब डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. मोटरहोम स्वस्त पडेल म्हणून घेत असाल तर घेऊ नका. साधी गाडी, मोटेलच्या दोन खोल्या आणि बाहेरचं जेवण धरलं तरी हाच प्रवास साडेतीन हजार डॉलरच्या आसपास होतो. वरचे बाराशे डॉलर तुम्ही गाडीतल्या स्वच्छतागृहासाठी, स्वतःच्या ओट्यासाठी आणि रात्री डोंगराच्या पायथ्याशी उतरण्यासाठी मोजता. सोबत गुडघेदुखी असलेली, वारंवार थांबावं लागणारी, बाहेरचं न चालणारी वडीलधारी माणसं असतील तर ते पैसे वाया जात नाहीत.

कधी जाल

मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत, नाहीतर सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये युटातल्या मोॲबला आणि लास वेगासला दुपारी पारा चाळिशीला टेकतो किंवा ओलांडतो आणि मोटरहोमचा एसी विजेच्या जोडणीशिवाय किंवा जनरेटरशिवाय चालत नाही. त्याच महिन्यांत भाडंही सर्वांत चढं असतं. दुसऱ्या टोकाला, कोलोरॅडोमध्ये आय-७० महामार्गावर डॉट्सेरो ते मॉरिसन या डोंगरी पट्ट्यात १ सप्टेंबर ते ३१ मे बर्फाचे टायर किंवा साखळ्यांचा नियम लागू असतो, आणि भाड्याच्या मोटरहोमला साखळ्या लावायला बऱ्याच कंपन्या मनाई करतात. म्हणून मे किंवा सप्टेंबरमध्ये निघणार असाल तर गाडीचे टायर या नियमात बसतात का, हे आरक्षण करतानाच ईमेलवर विचारा. लेखी उत्तर मिळेपर्यंत पैसे भरू नका. ऑक्टोबरच्या मध्यानंतर आणि मेच्या आधी हा मार्ग मोटरहोमने करू नका.

ब्राइस कॅन्यनची कड अडीच हजार मीटरच्या आसपास उंचीवर आहे, त्यामुळे जूनमध्येही तिथली रात्र गार असते. एकाच सहलीत स्वेटर आणि सुती कपडे दोन्ही लागतील.

कागदपत्रं

पासपोर्ट, व्हिसा, आय-९४ या प्रवेशनोंदीची छापील प्रत, मूळ वाहनपरवाना, चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड, मुक्कामांच्या आरक्षणाच्या छापील प्रती. एवढ्यावर काम होतं. युटाच्या आतल्या भागात फोनला रेंज नसते, म्हणून छापील प्रतीच न्या.

अशा भाड्याच्या मोटरहोमसाठी अवजड वाहनाचा परवाना लागत नाही, साधा मोटारीचा चालतो. भारतातून आलेल्या पाहुण्याचा परवाना इंग्रजीत असेल तर बहुतेक कंपन्या तो स्वीकारतात. तुमच्याकडे जुनं पुस्तकवजा, मराठीतलं लायसन असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना काढूनच निघा. तो भारतातच, आरटीओतून मिळतो. सारथी पोर्टलवर अर्ज करायचा, नमुना ४-अ भरायचा, पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती जोडायच्या. सरकारी शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष. दलालाला दुप्पट-तिप्पट देण्याची गरज नाही. काही खासगी संकेतस्थळं ‘इंटरनॅशनल लायसन’ या नावाने रंगीत कार्डं विकतात. त्यांना कायदेशीर किंमत शून्य. आणि आंतरराष्ट्रीय परवाना हा मूळ परवान्याचा अनुवाद आहे, मूळ परवाना सोबत नसेल तर त्याचा उपयोग नाही.

मुलगा किंवा मुलगी तिथे नोकरीला असेल तर गाडी त्यांच्या नावाने घ्या, त्यांच्याकडे त्या राज्याचा परवाना असतो. चालकाचं किमान वय बहुतेक ठिकाणी २१, काही ठिकाणी २५. दुसरा चालक नोंदवायचे पैसे लागत असतील तर तेही भरा. हजार मैल एकट्याने चालवण्याची ही गाडी नव्हे. नोंद नसलेल्या माणसाच्या हातून अपघात झाला तर विमा हात वर करतो.

अनामत साधारण ५०० ते १,५०० डॉलर. ती क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात. प्रीपेड फॉरेक्स कार्ड बहुधा चालत नाही. भारतीय क्रेडिट कार्ड वापरणार असाल तर परकीय चलनाचा अधिभार, साधारण साडेतीन टक्क्यांपर्यंत आणि त्यावर जीएसटी, मोठ्या रकमेवर चांगलाच टोचतो. अनामत परत येताना विनिमय दर बदललेला असला तर तो फरकही तुमच्याच माथी.

बिल फोडून बघू

मोठ्या कंपन्यांमध्ये क्रूझ अमेरिका आणि एल मॉन्टे ही नावं सगळीकडे दिसतील. आउटडोअर्सी आणि आरव्हीशेअर यांच्यावर लोक स्वतःच्या गाड्या भाड्याने देतात. तिथे दर कमी दिसतो, पण सेवाशुल्क, साफसफाई आणि विमा शेवटच्या पानावर जोडले जातात, आणि मालकाला गाडी त्याच्याच दारात परत हवी असते. डेन्व्हरला घेऊन लास वेगासला सोडायची तर कंपनीच बरी.

चार माणसांसाठी २५ फुटांची गाडी धरा. सात रात्री, रात्रीला १८० डॉलर, म्हणजे १,२६०. मैलांचे पैसे वेगळे: मैलाला ३५ ते ५० सेंट. मार्ग सुमारे साडेनऊशे मैलांचा आहे, इकडेतिकडे वळून ११०० धरा. ४० सेंटने ४४० डॉलर. दुसऱ्या शहरात सोडण्याचे साधारण ५००. ‘गाडी तयार करण्याचे’ म्हणून दीडशेच्या आसपास. भांड्यांचा संच १००, पांघरूण-उशी-टॉवेलचा संच माणशी ७०, मिळून ३८०. विम्याची जादा पातळी दिवसाला ३० प्रमाणे २१०. जनरेटर तासाला तीन ते पाच डॉलर. दहा तासांचे ४०. वर कर अडीचशे. इथवर ३,२३० झाले आणि अजून गाडीत पेट्रोल नाही.

ही गाडी गॅलनला ८ ते १० मैल देते. गॅलन म्हणजे पावणेचार लिटर. साडेतीन डॉलर गॅलन धरलं तर पेट्रोल ४३०. मुक्काम सरासरी ६० डॉलरने ४२०. उद्यानांचा पास २५० (त्याचं सविस्तर पुढे). किराणा ४००. गॅस आणि कपडे धुण्याचे ३०. बेरीज ४,७६०.

आता यातलं काय वाचतं? संचांचे ३८० जवळजवळ सगळे वाचतात. मुलांच्या घरातून चादरी, टॉवेल, दोन पातेली, कुकर, तवा, सुऱ्या न्या. नेमका कुकर कंपनीच्या संचात नसतोच. जनरेटरचे पैसे वाचतात, विजेची जोडणी असलेल्या जागी उतरलात तर. दुसऱ्या शहरात सोडण्याचे ५०० मात्र वाचवायला जाऊ नका. गाडी डेन्व्हरला परत न्यायची म्हणजे आणखी साडेसातशे मैल: मैलांचे ३००, पेट्रोलचे जवळपास तेवढेच आणि वर दोन दिवस. वाचवायचेच असतील तर विमानाने थेट लास वेगासला उतरा, तिथेच गाडी घ्या, झायन-ब्राइस-कॅपिटल रीफ करून तिथेच परत द्या. रॉकी पर्वताला मुकाल, खर्च उतरेल.

कंपन्यांना अधूनमधून गाड्या एका शहरातून दुसऱ्या शहरात पोहोचवायच्या असतात, तेव्हा त्या नाममात्र दराने देतात. दिवस आणि मैल ठरलेले असतात, तारखा त्यांच्या, आणि थांबायला वेळ फारसा मिळत नाही. नोकरीतून मोकळीक असलेल्या जोडप्याला हा सौदा चांगला. आईवडिलांना घेऊन नको.

सात रात्रींचे पैसे म्हणजे सात दिवस नव्हेत, हेही धरून चाला. गाडी दुपारी एक ते चारच्या दरम्यान हातात येते आणि सकाळी नऊ ते अकराच्या आत परत द्यावी लागते. मध्ये सहा पूर्ण दिवस मिळतात. अनेक डेपो रविवारी बंद असतात. भारतातून उतरल्या दिवशी गाडी द्यायला काही कंपन्या नकार देतात, आणि ते बरोबरच आहे. त्या रात्रीच्या हॉटेलचा खर्च वेगळा धरा.

विमा: तीन समज, तिन्ही महागात पडणारे

पहिला समज असा की मुलाच्या गाडीचा विमा याला चालेल. बऱ्याच पॉलिसींमध्ये भाड्याची मोटरहोम येत नाही. दुसरा, क्रेडिट कार्डावरचं भाड्याच्या गाडीचं संरक्षण आहेच. बहुतेक कार्डांच्या अटींत मोटरहोम वगळलेली असते. तिसरा, कंपनीचा जादा विमा घेतला की सगळं झाकलं गेलं. छताला आणि गाडीच्या पोटाला झालेलं नुकसान पुष्कळदा त्यातूनही वगळतात, आणि नवखा माणूस गाडी आपटतो ती छतावरच: पेट्रोल पंपाचं छप्पर, झाडाची फांदी, हॉटेलचा वाहनतळ.

गाडीची उंची बारा फुटांच्या आसपास असते. नेमका आकडा फुटा-इंचांत कागदावर लिहा आणि काचेवर चिकटवा. गाडी ताब्यात घेताना छत, चारही कोपरे, पायदान, चांदणीची गुंडाळी, आतले दरवाजे यांचा व्हिडिओ काढा. तारीख-वेळ त्यात दिसू द्या. चार ओरखडे आधीचे असतील तर ते कर्मचाऱ्याकडून कागदावर लिहून घ्या. पहिल्या तासाचं सगळ्यांत कामाचं काम हेच.

कच्च्या रस्त्यावर गाडी नेणं बहुतेक करारांत निषिद्ध आहे. मोॲबच्या आसपास असे फाटे जागोजागी दिसतील, मोह आवरा.

रस्ता

डेन्व्हर विमानतळाजवळ गाडी घेतलीत तर नकाशा तुम्हाला ई-४७० वर घालेल. त्या रस्त्यावर टोलनाका नाही, रोख घेत नाहीत. कॅमेरा पाटीचा फोटो काढतो, बिल कंपनीकडे जातं, कंपनी त्यावर आपलं हाताळणी-शुल्क लावते आणि महिन्याभराने तुमच्या कार्डावरून पैसे जातात. नकाशात ‘टोल टाळा’ हा पर्याय आधीच लावा आणि पेन्या बुलेव्हार्डने आय-७० गाठा. पुढे आयडाहो स्प्रिंग्सजवळ डावीकडे एक्स्प्रेस मार्गिका दिसेल. ती २५ फुटांहून लांब गाड्यांना बंद आहे. त्यात शिरू नका.

पहिला टप्पा ग्लेनवुड स्प्रिंग्सपर्यंत, १६० मैल. आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे. डेन्व्हर स्वतःच ५,२८० फुटांवर, म्हणजे तास-दीड तासात तुम्ही जवळपास सहा हजार फूट चढता. हृदयविकार, दमा, रक्तदाब असलेल्यांनी निघण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. डेन्व्हरला एक रात्र काढून निघावं, भरपूर पाणी प्यावं आणि बोगद्याजवळ थांबून वेळ घालवू नये. बोगद्यानंतर सिल्व्हरथॉर्नपर्यंत सात टक्क्यांचा लांब उतार आहे. खालच्या गिअरमध्ये, ‘टो-हॉल’ बटण दाबून उतरा. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ब्रेक तापून सुटतात. खंबाटकीचा किंवा खंडाळ्याचा घाट चालवलेल्याला हे सांगायला नको, पण इथे गाडी पाच टनांच्या पुढची असते.

दुसरा टप्पा मोॲब, सुमारे २०० मैल. ग्रँड जंक्शनला किराणा आणि पाणी भरा, पुढे निवड कमी होत जाते. मोॲबला दोन रात्री ठेवा. तिसरा टप्पा कॅपिटल रीफजवळचं टोरी, दीडशे मैलांच्या वर. ग्रीन रिव्हरला टाकी भरूनच २४ नंबरच्या रस्त्याला लागा. कॅपिटल रीफ गाळून थेट आय-७० ने पश्चिमेला जाणार असाल तर ग्रीन रिव्हर ते सलाइना या सुमारे ११० मैलांत एकही पेट्रोल पंप, एकही दुकान नाही.

टोरीहून ब्राइसकडे १२ नंबरचा रस्ता जातो. या सगळ्या प्रवासातला सर्वांत देखणा रस्ता हाच. बोल्डर आणि एस्कलांटीच्या मध्ये ‘हॉगबॅक’ नावाचा कड्यासारखा अरुंद पट्टा आहे, दोन्ही बाजूंना दरी. मोटरहोम जाते, पण दिवसाउजेडी, वारा नसताना आणि हात बसल्यावर. शंका वाटत असेल तर २४ वरून ६२ ने ८९ नंबरला निघा आणि १२ नंबरचा हा भाग गाळा. त्यात कमीपणा काही नाही.

पेट्रोल भरताना दोन गोष्टी. डिझेलची नळी तिथे बहुधा हिरवी असते, तिला हात लावू नका. आणि या डोंगरी राज्यांत सगळ्यांत स्वस्त पेट्रोल ८५ ऑक्टेनचं असतं. गाडीच्या पुस्तकात ८७ लिहिलेलं असेल तर ८७ च भरा. भरताना स्वयंपाकाच्या गॅसची झडप बंद ठेवा.

झायनचा बोगदा: इथे नकाशाचं ऐकू नका

ब्राइसहून झायनला जवळचा रस्ता ९ नंबरचा, पूर्व फाटकातून, १९३० साली सुरू झालेल्या एक मैलाच्या बोगद्यातून. पूर्वी मोठ्या गाड्यांसाठी १५ डॉलर घेऊन समोरची वाहतूक थांबवत आणि सोडत. ७ जून २०२६ पासून ती सोय बंद. ११ फूट ४ इंचांहून उंच, ७ फूट १० इंचांहून रुंद, ३५ फूट ९ इंचांहून लांब किंवा ५०,००० पौंडांहून जड गाडीला त्या रस्त्याने जाता येत नाही. यातली एक मर्यादा ओलांडली तरी पुरे, आणि भाड्याची नेहमीची मोटरहोम उंचीतच अडकते, लहान आकाराचीसुद्धा. मोबाइलवरचा नकाशा गाडीची उंची विचारत नाही, तो तुम्हाला त्याच फाटकावर नेऊन उभं करेल. कुणी जुन्या माहितीवरून ‘पंधरा डॉलर दिले की सोडतात’ म्हणेल, तेही ऐकू नका.

तुम्ही ब्राइसहून ८९ नंबरने पँग्विचमार्गे उत्तरेला जा, २० नंबरने आय-१५ गाठा, सीडर सिटी ओलांडून ला व्हर्किनमार्गे स्प्रिंगडेलला या. दीडशे मैल होतात, जवळच्या रस्त्यापेक्षा साठ-सत्तर मैल जास्त. मैलांचे आणि पेट्रोलचे मिळून पन्नासेक डॉलर वाढतात. ते अंदाजपत्रकात आधीच धरले आहेत.

झायनच्या मुख्य दरीत बसच्या हंगामात खासगी गाड्यांना प्रवेश नाही, बस फुकट आहे. मोठ्या गाड्यांना उभं राहायला जागा थोडी. सकाळी लवकर पोहोचा, किंवा गाडी मुक्कामाच्या जागीच ठेवून स्प्रिंगडेलच्या फुकट बसने जा. ब्राइसलाही बसच्या वेळात २३ फूट आणि त्याहून लांब गाड्यांना मुख्य सज्ज्यांजवळ उभं राहू देत नाहीत. तिथेही बस वापरा.

उद्यानांचं शुल्क: इथे सर्वांत मोठा फरक पडतो

२०२६ च्या सुरुवातीपासून अमेरिकेत न राहणाऱ्यांसाठी दर बदलले. अकरा गर्दीच्या उद्यानांत १६ वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येक परदेशी पाहुण्याकडून नेहमीच्या शुल्काखेरीज १०० डॉलर घेतले जातात. तुमच्या मार्गावरची झायन आणि ब्राइस त्या यादीत आहेत. आर्चेस, कॅन्यनलँड्स आणि कॅपिटल रीफ नाहीत. डेन्व्हरजवळचं रॉकी माउंटन उद्यान यादीत आहे.

गाडीचं नेहमीचं शुल्क आर्चेसला ३०, कॅपिटल रीफला २०, ब्राइस आणि झायनला ३५-३५, मिळून १२०. आईवडील दोघं पाहुणे असतील तर ब्राइस आणि झायनचे ४०० वर चढतात, एकूण ५२०. परदेशी पाहुण्यांचा वार्षिक पास २५० डॉलरचा. एकच पाहुणा असला तरी पासच स्वस्त पडतो. तिथे राहणाऱ्यांसाठी वार्षिक पास ८० डॉलरचा. त्यासाठी तिथलं सरकारी छायाचित्र-ओळखपत्र दाखवावं लागतं. एका गाडीत रहिवासी आणि पाहुणे दोन्ही असले तर कुणाचा पास कुणाला चालतो, हे राष्ट्रीय उद्यान सेवेच्या पानावर वाचा, त्याची छापील प्रत काढा आणि मगच पास घ्या. नाक्यावर रांग अडवून हा निर्णय करायचा नसतो. पास फक्त अधिकृत सरकारी संकेतस्थळावरून किंवा नाक्यावरून घ्या. पासावर नाव घातलेलं असतं, त्यामुळे जुने पास विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. बऱ्याच नाक्यांवर रोख चालत नाही, कार्ड जवळ ठेवा.

खर्च फारच अंगावर येत असेल तर झायन आणि ब्राइस दोन्ही गाळा. आर्चेस, कॅन्यनलँड्स आणि कॅपिटल रीफ ८० डॉलरमध्ये होतात, आणि लास वेगासच्या अलीकडचं व्हॅली ऑफ फायर हे राज्य उद्यान बाहेरच्या राज्यातल्या गाडीला १५ डॉलरमध्ये. लाल खडक तिथेही मनसोक्त बघायला मिळतात.

रात्रीचा मुक्काम

राष्ट्रीय आणि राज्य उद्यानांतल्या जागा साधारण २० ते ४५ डॉलर, खासगी तळ ६० ते १२०. खासगी तळावर ‘फुल हुकअप’ म्हणजे वीज, पाणी आणि सांडपाण्याची नळी तिन्ही मिळतं. २५ फुटी गाडीला ३० अँपिअरची जोडणी पुरते, ५० चे जादा पैसे देऊ नका. झायनच्या वॉचमन तळावर विजेच्या जागा आहेत आणि त्या सहा महिने आधी सरकारी आरक्षण-संकेतस्थळावर खुल्या होतात. खुल्या होतात त्याच सकाळी संपतात. मोॲबजवळच्या डेड हॉर्स पॉइंटला वीज आहे, पण गाडीची टाकी भरायला पाणी नाही, ते गावातूनच भरून न्या.

सगळ्या रात्री महागड्या तळावर काढू नका. एक रात्र सोयींची, एक रात्र साधी असा क्रम ठेवलात तर दोन दिवसांच्या पाण्यात आणि टाक्यांत भागतं. टाक्या मात्र अधिकृत डम्प स्टेशनवरच रिकाम्या करायच्या: आधी संडासाची, मग मोरीच्या पाण्याची, म्हणजे नळी धुतली जाते. हातमोजे विसरू नका. हे काम घरातल्या एका माणसाने ठरवून अंगावर घ्यावं, नाहीतर ते टळत जातं आणि कंपनी परतीच्या वेळी भरलेल्या टाकीचा दंड लावते.

सरकारी मोकळ्या जमिनीवर बऱ्याच ठिकाणी चौदा दिवसांपर्यंत फुकट राहता येतं, पण तिथे जाणारे रस्ते पुष्कळदा कच्चे, म्हणजे तुमच्या करारात न बसणारे. वॉलमार्टच्या आवारात रात्र काढायची तर व्यवस्थापकाला विचारा. लास वेगासमध्ये ती आशाच ठेवू नका.

स्वयंपाक आणि बसणं

भाजणी, मसाले, मेतकूट, पापड भारतातून आणलेत तर विमानतळावर खाद्यपदार्थ म्हणून जाहीर करा. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेलीवर दंड होतो. मांस, ताजी फळं आणि बिया आणू नका. भारतीय किराणा डेन्व्हरच्या परिसरातच भरा, दक्षिण युटात मिळण्याची आशा नको.

गाडी चालू असताना कुणीही उभं राहायचं नाही, चहा टाकायचा नाही. जेवढे पट्टे तेवढीच माणसं. नातवंडांची आसनं पुढे तोंड असलेल्या बाकावरच बसतात, ती बसतात का हे डेपोतच लावून बघा.

परत करताना

स्प्रिंगडेल ते लास वेगास १६० मैल. नेवाडात पेट्रोल बहुधा महाग असतं, म्हणून सेंट जॉर्जला टाकी भरा. पण घेताना काट्यावर जेवढं होतं तेवढं परत देताना असायला हवं, म्हणून शहरात शिरल्यावर पुन्हा थोडं भरा. कंपनीने भरलं तर पंपापेक्षा बराच चढा दर लावते. स्वयंपाकाच्या गॅसचंही तेच. युटाहून नेवाडात आलात की घड्याळ एक तास मागे जातं, त्यामुळे सकाळी अकराची वेळ गाठणं थोडं सोपं होतं. उलट दिशेने येणाऱ्यांचा तोच तास बुडतो आणि उशिराचा आकार तासावर लागतो.

लास वेगासला गाडी सोडून दोन रात्री हॉटेलात राहणार असाल तर तिथेही खोलीचा मूळ दर वेगळा आणि बिल वेगळं. मोठ्या कॅसिनो हॉटेलांत ‘रिसॉर्ट फी’ रात्रीला ३५ ते ५५ डॉलर आणि वर कर, तुम्ही पोहण्याचा तलाव वापरा किंवा नका वापरू. आरक्षण करताना शेवटच्या पानावरची एकूण रक्कम बघूनच हॉटेलांची तुलना करा.

डेपोतून निघण्याआधी हिशेब पुरा झाल्याची पावती मागा: मैल, पेट्रोल, टाक्या, नुकसान नाही, अशा चारही ओळी त्यावर हव्यात. अनामत मोकळी व्हायला काही दिवसांपासून काही आठवडे लागतात. टोलचं बिल त्यानंतरही येऊ शकतं, म्हणून तुमचे व्हिडिओ आणि ती पावती तीन महिने जपून ठेवा.